टोकियोतले नव्वद दिवस

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात कोजागिरीच्या रात्री गच्चीवर केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे, पण बोलण्यातले शब्द बरेचसे तसेच ठेवले आहेत.)



मला सांगण्यात आलं, “काकू, तुम्ही जपानला जाऊन आलात, दूध आटेपर्यंत वीस मिनिटं बोला.” आता दूध आटेपर्यंत म्हणजे कोणाला माझ्याकडे लक्ष द्यायची सक्ती नाही, हे ओळखून मी हो म्हटलं.

आधीच सांगते, मी जग फिरलेली बाई नाही. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. लांबचा प्रवास म्हणजे एकदा काशी आणि हे असताना एकदा कन्याकुमारी. त्यामुळे टोकियोची माहिती माझ्याकडून थोडीच मिळेल. त्या शहराबद्दल मी काय काय चुकीचं समजून बसले होते, ते मात्र भरपूर सांगता येईल.

गेले ते लेकीच्या बाळंतपणाला. आपल्याकडे मुलगी माहेरी येते. इथे माहेरच तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा घेऊन तिच्याकडे निघालं. डिंक, अळीव, बाळंतशेपा, ओवा, शतावरी, आणि मधे कुठेतरी माझे चार कपडे. जाण्याचं दुसरंही एक कारण होतं. ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच्याकडे नंतर येते.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी नारिता विमानतळावर उतरले. हा विमानतळ शहरापासून साठेक किलोमीटर लांब. आपल्यापेक्षा तिथलं घड्याळ साडेतीन तास पुढे. जावई न्यायला आले होते. दोनदा गाडी बदलून आम्ही निशी-कासाइ नावाच्या स्टेशनला निघालो, आणि तिथे टोकियोची पहिली चपराक बसली. ती म्हणजे शांतता. गाडी बदलायच्या स्टेशनवर शेकडो माणसं चालत होती आणि आवाज फक्त बुटांचा. आपल्या बदलापूर लोकलमध्ये सकाळी चढलं की कर्जतहून भरून आलेल्या बायका, भिशी, भजन, भांडण, भाजी निवडणं. तिथे डबा गच्च भरलेला आणि सगळे पुतळ्यासारखे उभे. फोनवर बोलायचं नाही, असा तिथला शिष्टाचार आहे. मला ते कुठे माहीत? मी नेहमीच्या आवाजात, म्हणजे चौथीच्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात, जावयांना विचारलं, “हिची तब्येत कशी आहे हो?” कोणी वळूनही पाहिलं नाही. कोणी चिडून बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. मनात म्हटलं, झालं, ही माणसं कोरडी आहेत. पहिल्याच तासात शहराला नापास करून मोकळी झाले.

त्याच प्रवासात आणखी एक गंमत. आम्ही पहिल्या डब्यात, मोटरमनच्या काचेमागे उभे होतो. पांढरे हातमोजे घातलेला तो मुलगा सिग्नल आला की बोट दाखवून काहीतरी मोठ्याने बोलायचा. स्टेशन सोडताना पुन्हा घड्याळाकडे बोट आणि बोलणं. मला वाटलं, एकटा असतो बिचारा, स्वतःशी बोलत असेल. जावयांनी सांगितलं की ही तिथल्या रेल्वेची पद्धत आहे. नुसतं डोळ्यांनी बघितलं तर सवयीने चूक होते. बोट दाखवून तोंडाने म्हटलं की मन जागेवर राहतं. तेव्हा मला एकदम ह्यांची आठवण झाली. रोज रात्री झोपण्याआधी हे गॅसच्या बटणाकडे बोट दाखवून “बंद” म्हणायचे आणि मी हसायचे. हे टोकियोला असते तर रेल्वेत लागले असते.

निशी-कासाइ हे टोकियोच्या पूर्वेकडे, एदोगावा नावाच्या वॉर्डात. टोकियो शहराचा गाभा म्हणजे असे तेवीस वॉर्ड, आणि प्रत्येकाचा महापौर वेगळा, सभागृह वेगळं. सबंध महानगर प्रदेश धरला तर पावणेचार कोटींच्या आसपास माणसं होतात. पण निशी-कासाइला उतरल्यावर परदेशात आल्यासारखं वाटत नाही. २००० सालाच्या सुमाराला कॉम्प्युटरवाली आपली मुलं तिकडे गेली, ती याच भागात स्थिरावली. इथून तोझाई नावाच्या मेट्रोने ऑफिसांच्या भागात थेट जाता येतं. शिवाय इथल्या जुन्या, सरकारशी संबंधित वसाहतींमध्ये भाड्याने घर घेताना जामीनदार लागत नाही. परक्या माणसाला जामीन कोण राहणार? आता तिथे हिंदुस्थानी वाणसामानाची दुकानं आहेत, शाळा आहेत, टोकियो मराठी मंडळाचा गणपतीही शहरात बसतो. आणि आपल्या शेजारच्या अंबरनाथचे, पुढे जपानी नागरिक झालेले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये या एदोगावा वॉर्डाच्या सभागृहावर निवडूनसुद्धा आले. अंबरनाथचा माणूस टोकियोत नगरसेवक! आणि आपल्याला इथे आपल्या वॉर्डातला नगरसेवक भेटत नाही. (हे वाक्य छापू नका म्हटलं होतं, पण राहू दे.)

लेकीचं घर अशाच एका चौदा मजली इमारतीत, पाचव्या मजल्यावर. थंडीत हवा स्वच्छ असली की जिन्यातून इमारतींच्या पलीकडे फुजी पर्वत दिसायचा. लांब, पांढरा, टोपी काढून ठेवल्यासारखा. पण बाकी जुनं टोकियो कुठे म्हणाल तर फारसं नाही. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि त्यामागून लागलेल्या आगीत हे शहर जळालं, लाखावर माणसं गेली. मार्च १९४५ मध्ये एका रात्रीच्या बॉम्बफेकीत पुन्हा लाखभर माणसं गेली. आसाकुसाचं ते प्रसिद्ध सेन्सोजी देऊळ बघायला गेलो. मी मोठ्या भक्तिभावाने खांबाला हात लावला, तर कळलं, मुख्य मंदिर १९५८ साली नव्याने बांधलेलं. माझ्याहून वर्षभरानेच मोठं.

आता कचरा. हसू नका, आपल्या मासिक सभेत निम्मा वेळ ह्याच विषयावर जातो. आपल्याकडे ओला-सुका दोनच डबे आहेत आणि पंचवीस वर्षांत आपल्याला ते जमलेले नाहीत. तिथे जळणारा कचरा आठवड्यातून दोनदा, तोही ठरलेल्या वारी सकाळी आठच्या आत. प्लास्टिकचा वार वेगळा, कागद-बाटल्या-डब्यांचा वेगळा, न जळणाऱ्याचा आणखी वेगळा. पाण्याच्या बाटलीचं झाकण काढायचं, वरचा कागद सोलायचा, बाटली विसळायची. दुधाचा खोका धुऊन, कापून, उलगडून वाळवायचा. मोठी वस्तू टाकायची असेल तर पैसे भरून तिकीट आणून चिकटवायचं. पिशव्यांवर जाळी टाकायची, कारण तिथले कावळे आपल्या कावळ्यांच्या दुप्पट आणि आपल्याहून हुशार.

तिसऱ्या दिवशी लेक झोपलेली बघून मी मदत म्हणून सगळा कचरा एका पिशवीत बांधून खाली ठेवून आले. दुपारी बाकीच्या पिशव्या गेलेल्या आणि आमची एकटी तिथेच. तिच्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली. येणारे-जाणारे बघतायत. लेकीने ते पाहिलं, आणि नऊ महिने भरत आलेली ती पोरगी खाली बसून पिशवी सोडून वेगवेगळं करायला लागली. मी म्हटलं, “अगं, एवढं काय?” तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, “आई, इथे कोणी भांडत नाही गं. भांडले तर बरं. नुसती चिठ्ठी लावतात.”

ते वाक्य माझ्या मनात रुतलं. ती ह्या शहरात सहा वर्षं कशी राहिली असेल, त्याचा पहिला अंदाज मला तेव्हा आला.

मग नात झाली. दवाखान्यात पाच दिवस ठेवून घेतलं. व्यवस्था इतकी चोख, की मी नुसती बघत राहिले. पण घरी आल्यावर बाळ रात्री रडायला लागलं. पोटात दुखत असेल, रडणारच. आपल्याकडे बाळ रडलं की समोरच्या वहिनी हिंग घेऊन येतात, वरच्या आजी दृष्ट काढायला येतात, आणि खालचे काका, मेंटेनन्स न भरलेले, तेही दोन सल्ले देऊन जातात. तिथे बाळ रडलं की माझी लेक घाबरायची. सगळ्या खिडक्या लावायची. बाळाला घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसायची, दार बंद करून, म्हणजे आवाज शेजारी जाणार नाही. रात्री दोन वाजता, त्या थंडीत. “तक्रार येईल, आई.” तक्रार एकदाही आली नव्हती. ती येण्याची वाटच इतकी भीतीदायक होती.

महिन्याभराने वॉर्डाच्या ऑफिसातर्फे एक बाई घरी आल्या. बाळ जन्मलं की अशी भेट प्रत्येक घरी देतात. जपानभर ती पद्धत आहे. त्यांनी बाळाचं वजन केलं आणि आईसाठी असलेल्या एका छोट्या पुस्तिकेत ते लिहिलं. मग एक छापील कागद काढला. दहा प्रश्न होते, आईसाठी. झोप लागते का, हसू येतं का, उगाच रडू येतं का. माझी लेक पेन हातात धरून तशीच बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. त्या बाई काही बोलल्या नाहीत. कागद बाजूला ठेवला आणि गुडघ्यांवर बसून राहिल्या, वीस मिनिटं तरी.

मंडळी, मी तिला दीड महिना डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शेकशेगडी सगळं केलं. “तुला रडू येतं का?” हा प्रश्न काही मी विचारला नव्हता. तो एका छापील कागदाने विचारला. ज्या शहराला मी गाडीत कोरडं म्हटलं होतं, त्या शहराने.

पुढे आठवड्यातून एकदा त्या बाई फोन करायच्या. आवाज न चढवता. हळूहळू बाथरूममधलं बसणं थांबलं.

आता पाण्याची गोष्ट. भाजी आणायला मी एकटी जायला लागले होते. एकदा रस्ता चुकले. तिथे बहुतेक रस्त्यांना नावं नसतात. पत्ता म्हणजे मोहल्ला, मग गटाचा नंबर, मग इमारतीचा नंबर, त्यामुळे रस्ता धरून चालत गेलं तर घर सापडेलच असं नाही. चौकातल्या पोलीस चौकीत गेले. चौकी म्हणजे जेमतेम आपल्या वॉचमनच्या केबिनएवढी. त्या तरुण पोलिसाने भिंतीवरच्या मोठ्या नकाशावर माझ्या चिठ्ठीतले आकडे शोधले आणि मला पार गल्लीच्या तोंडापर्यंत आणून सोडलं. घरी आल्यावर मी लेकीला म्हटलं, “त्या नकाशावर तुमच्या वॉर्डाभोवती सगळीकडून निळं निळं होतं, ते काय गं?” तेव्हा तिने ड्रॉवरमधून एक पुस्तक काढलं.

एदोगावाच्या दोन्ही अंगांना नद्या आहेत आणि दक्षिणेला समुद्र. वॉर्डाची सुमारे सत्तर टक्के जमीन समुद्राच्या पातळीपेक्षा खाली आहे. २०१९ मध्ये वॉर्डाने घरोघर पुराची माहितीपुस्तिका वाटली आणि तिच्या मुखपृष्ठावरच छापलं, की इथे थांबू नका. म्हणजे मोठा पूर येणार असं कळलं, तर हा वॉर्ड सोडून दुसरीकडे जा. सरकारी कागदावर इतकं सरळ वाक्य मी जन्मात वाचलं नव्हतं. बिल्डर ओरडले असतील, जागांच्या किमती पडतील म्हणाले असतील, असं मला वाटलं. पण छापलं.

मी ते पुस्तक मांडीवर घेऊन बसले आणि मला २६ जुलै दिसायला लागला. इथे बसलेल्या निम्म्या मुलांचा तेव्हा जन्म नव्हता. २००५ साल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि इकडे उल्हास नदी आपल्या दारात आली. तळमजल्यावरच्या घरांना तेव्हा नव्या कोऱ्या ग्रिल बसवलेल्या होत्या, चोरांसाठी. पाणी दारातून आत येतंय, दार दाबामुळे उघडत नाही, आणि गॅलरीतून बाहेर पडावं तर ग्रिल. शेवटी ह्यांनी आणि सी विंगमधल्या दोघा मुलांनी पहार घालून ती ग्रिल वाकवली. त्या रात्री आमच्या दोन खोल्यांत चौदा माणसं झोपली होती. एका पातेल्यात खिचडी, आणि कोणाची चादर कोणाच्या अंगावर कळत नव्हतं. मग पाणी ओसरलं, आपण चिखल काढला, आणि सहा महिन्यांत त्याच ग्रिल पुन्हा सरळ करून बसवल्या. मीही बसवली, दुसऱ्या मजल्यावर असून. त्यानंतरही पाणी आलं. २०१९ च्या जुलैत वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, ते आपण टीव्हीवर पाहिलं. ग्रिलबद्दल कोणी बोललं नाही.

हे सांगण्याचं कारण लेकीची गॅलरी.

तिथे गॅलरीला ग्रिल नाही. दोन घरांच्या गॅलऱ्यांमध्ये फक्त एक पातळ पडदी. भिंत म्हणायची सोय नाही, पुठ्ठ्यापेक्षा जरा बरी. त्या पडदीवर जपानीत काहीतरी लिहिलेलं. मी विचारलं तर लेक म्हणाली, “आणीबाणीच्या वेळी ही फोडून शेजारच्या घरात जावे.” आग लागली, भूकंपात दार अडकलं, तर लाथ मारून पडदी फोडायची आणि शेजाऱ्याच्या घरातून बाहेर पडायचं. म्हणून तिच्यासमोर सामान ठेवायला बंदी. एक कुंडीसुद्धा नाही.

मी चाट पडले. जी माणसं एकमेकांच्या दाराची बेल वाजवत नाहीत, त्यांनी घराची एक बाजू शेजाऱ्याने फोडून यावं म्हणून मुद्दाम कच्ची ठेवली आहे. आणि आपण? आपलं एकमेकांकडे रोज साखर, विरजण, चाव्या, चहाड्या सगळं चालतं, आणि घराला मात्र लाकडी दार, सेफ्टी डोअर, लॅच, वरची कडी, खालची कडी आणि ग्रिल.

इथे ते दुसरं कारण सांगून टाकते. गेल्या वर्षी श्रावणात मी रात्री नऊ वाजता बाथरूममध्ये पाय घसरून पडले. खुबा दुखावला, उठता येईना. मोबाईल आतल्या खोलीत. दाराला वरची कडी. सकाळी साडेसहाला दूधवाल्याने तीनदा बेल वाजवली आणि त्याला संशय आला, तोवर मी त्या फरशीवर होते. साडेनऊ तास. पलीकडच्या फ्लॅटमधला टीव्ही मला ऐकू येत होता. मालिकेतले संवादसुद्धा सांगू शकेन. माझी हाक मात्र त्या टीव्हीच्या पलीकडे गेली नाही. तुमच्यापैकी चौघांनी सेफ्टी डोअर कापायला सुताराला झोपेतून उठवून आणलं. कोणाला दोष देत नाही. त्या कड्या मीच लावल्या होत्या.

तेव्हापासून लेकीने धोशा लावला, की फ्लॅट विक. तिच्याकडे कायम राहणं जमण्यासारखं नाही, तिथे आईवडिलांना नव्वद दिवसांच्या वर बोलावणं अवघड असतं. म्हणून पुण्याला ज्येष्ठांच्या एखाद्या वसाहतीत जा, असं तिचं म्हणणं. काहींना माहीत आहे, एजंट दोनदा घर बघूनही गेला होता. मी टोकियोला गेले ती हा निर्णय डोक्यात घेऊन.

यंदा पाडवा आला तेव्हा टोकियोत चेरी फुलली होती. आमच्यापासून जवळच शिनकावा नावाचा कालवा आहे, त्याच्या दोन्ही काठांना झाडंच झाडं. तिकडे जाऊन आलो. पण मला गुढीची पडली होती. काठी म्हणून पडद्याचा दांडा घेतला, माझी पैठणी, आपल्याकडून नेलेली साखरेची गाठी, स्टीलचा तांब्या. पडदीसमोर काही ठेवायचं नाही म्हणून कठड्याच्या मधोमध बांधली. हळदीकुंकू लावते तोच शेजारच्या गॅलरीतून डोकं बाहेर आलं. ऐंशीच्या घरातल्या आजी, हातात झारी. त्यांनी उलटा तांब्या पाहिला, पैठणी पाहिली, आणि म्हणाल्या, “किरेइ.” सुंदर. मला जपानीतले चार शब्द येत होते, त्यात हा होता. मी पडदीच्या बाजूने हात लांब करून त्यांना बेसनाचा लाडू दिला. लेकीने आतून कपाळावर हात मारला. असं न सांगता कोणाला खायला देत नाहीत म्हणे.

दोन दिवसांनी आमच्या दाराच्या मुठीला पिशवी अडकवलेली. आत संत्री आणि चिठ्ठी. लेकीचा चेहरा पांढरा पडला. आली तक्रार! तिने मोबाईल धरून अक्षरं लावली. लिहिलं होतं, की ह्या मजल्यावर खूप वर्षांनी बाळाचा आवाज ऐकू येतो आहे, मला रात्री जाग आली की बरं वाटतं.

लेकीने ती चिठ्ठी फ्रिजला लावली आहे. अजून आहे.

त्या आजी रोज सकाळी गॅलरीत गादी वाळत घालायच्या आणि बांबूच्या काठीने तिला थाप थाप बडवायच्या. मला त्या आवाजाची सवय झाली. एप्रिलच्या शेवटी एके दिवशी थाप ऐकू आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही. खाली त्यांची टपालपेटी कागदांनी भरलेली. त्याच महिन्यात जपानच्या पोलिसांनी आकडा जाहीर केला होता, की २०२४ मध्ये एकट्या राहणाऱ्या ७६ हजारांवर माणसांना घरीच मरण आलं, त्यांतले बहुतेक पासष्टीपुढचे. तिथे त्यासाठी शब्दच आहे, कोदोकुशी, एकाकी मरण. तो आकडा जावयांनी जेवताना वाचून दाखवला होता. मला फरशी आठवली.

तिसऱ्या दिवशी लेक नको नको म्हणत असताना मी खाली केअरटेकरच्या ऑफिसात गेले. भाषा येत नाही. मी गादी बडवून दाखवली, पाच बोटं दाखवली, झोपून दाखवलं, छातीवर हात ठेवून डोळे मिटून दाखवले. सत्तरीचा तो भला माणूस आधी घाबरला, त्याला वाटलं मलाच काहीतरी होतंय. मग त्याला कळलं. त्याने एक वही काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. आजी बहिणीबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यांना गेल्या होत्या, पाच दिवसांसाठी, आणि जाताना रीतसर सांगून, लिहून गेल्या होत्या!

मी वेडी ठरले. लेक संध्याकाळभर बोलली नाही. “तू पोलीस बोलावले असतेस, आई.” बोलावले असते, खरं आहे.

आजी परत आल्या त्या सहलीच्या गावची मिठाई घेऊन. तिथे प्रवासाहून आलं की सगळ्यांना काहीतरी आणायची रीत आहे. केअरटेकरने त्यांना माझं नाटक साभिनय सांगितलं असणार. त्या दारात उभ्या राहून वाकल्या, आणि बराच वेळ वर उठल्याच नाहीत. मग काहीतरी बोलल्या. लेकीने सांगितलेला अर्थ असा, की मी घरात नाही हे कोणाच्या लक्षात आलं, असं फार वर्षांत झालं नव्हतं. लेकीचं जपानी ऑफिसातलं आहे, एखादा शब्द इकडेतिकडे झाला असेल.

मी निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः बेल वाजवली. लेकीचा नंबर मागून घेतला आणि भिंग लावून फोनशेजारच्या कागदावर लिहिला. आता गादीची थाप ऐकू आली नाही तर माझी लेक फोन करते. आणि बाळ एखाद्या रात्री रडलं नाही तर म्हणे आजी सकाळी गॅलरीतून विचारतात, “दाइजोबु?” ठीक आहे ना?

मे महिन्यात मी परत आले. वरची कडी काढून टाकली. दुसरी चावी समोरच्या वहिनींकडे दिली आहे, तिसरी आपल्या ऑफिसातल्या खिळ्यावर. फ्लॅटचं अजून ठरलेलं नाही, एजंटचे फोन येतात. ग्रिलला उघडणारी खिडकी करून घ्यायला किती खर्च येतो ते मी दोन फॅब्रिकेटरना विचारलं आहे. पुढच्या सभेत तो विषय घ्यावा म्हणून सेक्रेटरींना पत्र दिलं आहे, पोच माझ्याकडे आहे.

एक राहिलंच. तिथे संध्याकाळी पाचला रस्त्यावरच्या भोंग्यांतून एका बालगीताची धून वाजते. आपत्तीच्या वेळचे भोंगे नीट चालतात का, ते रोज तपासून घेतात आणि मुलांना कळतं की घरी जायची वेळ झाली. आपल्याकडे तेव्हा दुपारचा दीड वाजलेला असतो, मी जेवायला बसलेली असते. लेक फोन लावते आणि गॅलरीत बाहेर धरते. काल धून संपल्यावर मागून खोकल्याचा आवाज आला. मी विचारलं, “कोण गं?”

“कोण असणार?” ती म्हणाली. “झाडांना पाणी घालतायत.”